इनामगावचे रांजण-दफन आणि ग्रामप्रमुखाची ओळख

इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री इ. स. १२७२ मध्ये मृत्यू पावला. त्याचे दफन त्यानेच नव्याने बांधविलेल्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये झाले. तेथील थडग्यावर त्याची सोनेरी मुलाम्याची ओतीव प्रतिमा आहे. थडगे कोणाचे, असा प्रश्न तेथे उद्भवत नाही. परंतु ज्या समाजास लेखनकला अवगत नव्हती, त्यातील अधिपतीचे दफन कोणत्या खुणेने ओळखावे?

या प्रश्नाचा विचार करण्यास पुणे जिल्ह्यातच एक महत्त्वाचे स्थळ उपलब्ध आहे. दौंड तालुक्यातील वरवंडच्या ईशान्येस, भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव वसलेले आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. त्यात इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली.

या वसाहतीत दोनशेहून अधिक दफने आढळली. त्यांवरून अंत्यविधीचे नियम स्पष्ट होतात. लहान मुलांचे देह तोंडास तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढांना खड्ड्यात उताणे, उत्तरेस डोके करून निजवीत आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडीत. मृताने उठून परत फिरू नये, ही भीती त्यामागे असावी, असे अनुमान अभ्यासकांनी केले आहे.

या नियमास एक ठळक अपवाद सापडला. वस्तीच्या मध्यभागी असलेल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसविलेला एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याची पावले शाबूत होती. हे घर वसाहतीतील सर्वांत मोठ्या घरांपैकी असून त्यास धान्याचे कोठारही होते.

यांपैकी कोणतीही एक बाब अधिकार सिद्ध करण्यास पुरेशी नाही. मोठे घर केवळ संपन्नतेचे द्योतक असू शकते. निराळे पात्र निराळ्या कुळाचेही असू शकेल. परंतु मध्यवर्ती स्थान, कोठार, रांजण आणि अखंड पावले ही चारही लक्षणे एकाच ठिकाणी एकवटावीत, यास योगायोग म्हणणे कठीण आहे. ही व्यक्ती ग्रामप्रमुख असावी, हे मत म्हणूनच ग्राह्य वाटते. तिला 'राजा' म्हणणे मात्र पुराव्यापलीकडे जाणे होय.

हेन्रीची ओळख त्याच्या स्मारकाने टिकविली. इनामगावच्या पुरुषाची ओळख त्याच्या ग्रामस्थांच्या दफनांनी टिकविली आहे. पावले तोडलेले ते अनामिक सांगाडे एकेक करून नोंदले गेले नसते, तर अखंड पावलांचा अर्थ कोणासही उमगला नसता. अधिपतीचा इतिहास सामान्यांच्या इतिहासावाचून वाचता येत नाही, हेच या दफनावरून दिसून येते.