गिल, रॉबर्ट (१८०४–१८७९)

ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी, चित्रकार व छायाचित्रकार. अखेरचा हुद्दा मेजर. स्थापत्येतिहासकार जेम्स फर्ग्युसनने १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून भारतातील लेण्यांच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधल्यावर कंपनीने १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम गिलवर सोपवले. निजामाच्या मुलखातील अजिंठा गावी मुक्काम ठोकून त्याने मूळ आकाराच्या नकला कॅनव्हासवर तैलरंगात केल्या. लंडनला पोचलेल्या या चित्रांपैकी बहुतेक डिसेंबर १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. त्या वेळी तेथे नसलेली मोजकीच वाचली.

गिलची गणना सहसा नकलाकारांत होते. उरलेला पुरावा पाहता ती छायाचित्रकारांत व्हायला हवी. १८६४ मध्ये फर्ग्युसनने लेण्यांवर ग्रंथ काढला तो गिलच्या ७४ छायाचित्रांसह. मजकूर फर्ग्युसनचा, म्हणून नावही त्याचेच झाले. गिलची अनेक छायाचित्रे त्रिमितीदर्शी होत : किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रे शेजारीशेजारी लावून दुहेरी भिंगातून पाहिली, की चैत्यगृहातील खांबांच्या रांगा मागे मागे सरकत जातात आणि स्तूप त्यांच्या टोकाशी सुटा उभा राहतो. ही खोली सपाट कॅनव्हासवर येत नाही. त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग टिपता येत नव्हते आणि भित्तिचित्रांचा प्राण रंगात आहे, हा आक्षेप खरा. तेवढ्यापुरती नकलांची जागा छायाचित्र घेऊ शकत नाही. पण नकला एकेकच होत्या, छायाचित्राच्या प्रती अनेक निघत, आणि आगीपुढे हाच फरक निर्णायक ठरला. पुढे जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकडून नव्याने करवून घेतलेल्या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या, हे येथे ध्यानात घ्यावे. लोणारच्या मंदिरांचीही छायाचित्रे गिलने घेतली.

कौटुंबिक माहिती त्रोटक आहे. २३ मे १८५६ रोजी निवर्तलेल्या ‘पारो’ या स्त्रीच्या नावे गिलने बसवलेली शिळा अजिंठ्यात आहे. ना. धों. महानोरांचे दीर्घकाव्य व त्यावरील चित्रपट यांमुळे महाराष्ट्रात गिल मुख्यतः पारोबरोबरच्या प्रेमकथेचा नायक म्हणून परिचित आहे. शिळेवरून जिव्हाळा सिद्ध होतो. त्यापुढचा तपशील काव्याचा मानावा. गिलची कबर भुसावळ येथे आहे.