टाळेबंदीतील विद्यापीठे आणि आमचा विद्यार्थी

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील महाविद्यालयांना कुलपे लागली आणि शिकवणे मोबाइलच्या पडद्यावर आले. त्या काळाविषयी 'विद्यापीठांनी परिस्थितीशी जुळवून घेतले' असे एक वाक्य आता सर्रास लिहिले व बोलले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वाक्याचा कर्ता तपासून घ्यावा. जुळवून नेमके कोणी घेतले आणि त्याची किंमत कोणाच्या घरातून वसूल झाली, एवढाच प्रश्न येथे मांडायचा आहे.

आमच्या शिक्षणाचा इतिहास हा दारातून आत शिरण्याचा इतिहास आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला दाराबाहेर ठेवले. बाबासाहेबांना शाळेत बसण्यासाठी घरून तरटाचा तुकडा न्यावा लागला. नागपूर स्थानकावर हमाली केलेल्या जाईबाई चौधरी पुढे शिक्षिका झाल्या, तेव्हा अस्पृश्य बाई शिकवते म्हणून त्यांची नोकरी गेली. त्यांनी १९२२ साली नागपुरातच चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा उभी केली. पिढ्यांनी रक्त आटवून मिळवलेल्या या दाराआड केवळ व्याख्यान नव्हते. दोन खोल्यांत आठ माणसे राहतात त्या घरातल्या मुलाला महाविद्यालय म्हणजे ट्यूबलाइटचा उजेड, पंखा, ग्रंथालयातले पुस्तक, दुपारभर कोणी न उठवणारी खुर्ची आणि आपल्या वस्तीपलीकडचा एखादा मित्र. पांढरपेशा घरात यातले बहुतेक आधीच हजर असते. म्हणून दार बंद झाले, पण ते सर्वांसाठी सारखे बंद झाले नाही.

१९४६ साली मुंबईत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणाला शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. संस्थेने आपले घड्याळ विद्यार्थ्याच्या पोटाकडे पाहून लावले. जुळवून घेणे या शब्दाचा आमच्या परंपरेतला अर्थ हा आहे.

२०२० मध्ये त्याच्या उलट घडले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिलला मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरवले. आयोगाने ६ जुलैला त्या सप्टेंबरअखेर पूर्ण कराव्यात असे बजावले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ ऑगस्टला न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निर्वाळा दिला. इतके महिने झगडा परीक्षेचा आणि अधिकाराचा चालला. शिकवणे कोणापर्यंत पोचते आहे, हा प्रश्न त्यात मागे पडला. वास्तविक आकडे आधीच हाताशी होते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के घरांतच संगणक होता; इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ आणि शहरात ४२ टक्के घरांत होती. म्हणजे शहरातही निम्म्याहून अधिक घरे या नव्या वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच होती.

हे आकडे कळमन्यात माणसांच्या रूपाने दिसतात. नागपूरच्या पूर्वेकडील या भागात कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार आहे. धान्य, मिरची, संत्री, भाजीपाला येथे उतरतो, आणि तो उतरवणारे हमाल, ठेलेवाले, धान्य निवडणाऱ्या बाया आजूबाजूच्या वस्त्यांत राहतात. धान्य-भाजी अत्यावश्यक ठरल्याने टाळेबंदीतही या श्रमाला सुट्टी नव्हती. अशा घरात स्मार्टफोन असलाच तर एक. तो बापाच्या खिशात, कारण गाडी लागली की बोलावणे त्यावरच येणार. वर्ग सकाळी अकराचा. फोन घरी येणार रात्री. त्यात धाकट्या भावंडांची शाळाही त्याच फोनवर, आणि घरी असलेली मुलगी म्हणजे चुलीपाशी मोकळी असलेली मुलगी, असे सर्वांनी गृहीत धरलेले. हजेरीपटावर या साऱ्याची नोंद एका शब्दात झाली : गैरहजर.

जे जोडले गेले त्यांचीही कथा वेगळी नाही. माझ्या वर्गातली कितीतरी मुले कॅमेरा बंद ठेवीत. मागे पत्र्याची भिंत, भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर, शेजारी चाललेले भांडण. वर्गखोलीत सारख्या बाकावर बसल्याने जे झाकले जात होते, ते पडद्याने उघडे पाडले. जात विचारावी लागत नव्हती. ती मागच्या भिंतीवर दिसत होती.

ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने अंतिम परीक्षा मोबाइलवरील अॅपमधून, बहुपर्यायी प्रश्न देऊन घेतली. पूर्वी बाक, उत्तरपत्रिका, पंखा विद्यापीठ पुरवीत असे. आता परीक्षा केंद्र, यंत्र, वीज, रेंज आणि रिचार्ज हे सारे विद्यार्थ्याने पुरवायचे होते. जुळवून घेण्याचा खर्च संस्थेच्या हिशेबातून उठून घराच्या हिशेबात गेला तो असा. पुढे या पदवीकडे 'कोविडची बॅच' म्हणून नाक मुरडले गेले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर तर जुलै २०२० मध्ये 'प्रमोटेड कोविड-१९' असा शेरा छापला गेला आणि ओरड झाल्यावर तो दुरुस्त करण्याचे आदेश निघाले. ज्याच्या काकाची ओळख आहे त्याला असा शिक्का बाधत नाही. ज्याच्याकडे गुणपत्रिकेखेरीज काहीच नाही, त्याचा तो आयुष्यभर पाठलाग करतो.

याचा अर्थ यंत्राला शिव्या देणे हे आमचे काम आहे असा नव्हे. रात्री पोती उतरवून आलेल्या मुलाने ध्वनिमुद्रित व्याख्यान पहाटे ऐकले, हेही मी पाहिले आहे. सिद्धार्थच्या सकाळच्या वर्गाचाच तो नवा अवतार होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये निम्म्या हजेरीने महाविद्यालये उघडली, दुसऱ्या लाटेने पुन्हा बंद केली, आणि २० ऑक्टोबर २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. माझ्या पाहण्यातल्या महाविद्यालयांत तेव्हा पहिल्यांदा थांबले ते हेच ध्वनिमुद्रण. त्याआधी, मे २०२१ मध्ये, आयोगाने अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची संकल्पना मांडली होती. असा प्रस्ताव येतो तेव्हा आपण एकच विचारावे : त्या ४० टक्क्यांचा उजेड, खुर्ची आणि यंत्र कोण देणार? विद्यापीठ देणार असेल तर स्वागत आहे. विद्यार्थ्यानेच आणायचे असेल तर ती जुनीच ज्ञानबंदी आहे, फक्त दाराला काच बसली आहे.

नागपूर विद्यापीठाची शताब्दी २०२३ साली झाली. संस्थांचे इतिहास संस्था लिहितात. गळालेल्यांचा इतिहास गळालेल्यांच्या लोकांनाच लिहावा लागतो. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले. जाईबाईंचे काम त्यात नोंदले गेले म्हणून आज आपण ते सांगू शकतो. कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांनी आता तेच करावे. त्या काळातले हजेरीपट मिळतील तेथून मिळवावेत. मार्च २०२० मध्ये पटावर असलेली आणि पदवी न घेता पटावरून नाहीशी झालेली नावे उतरवून घ्यावीत. मग त्या घरी जावे.