भीमाबाई होळकर आणि आपला खानदेश

पुण्यश्लोक अहल्यादेवींचे चरित्र आपल्या समाजातील प्रत्येक घरी ठाऊक आहे, व ते योग्यच आहे. परंतु त्याच होळकर घराण्यातील एक स्त्री फौजेबरोबर प्रत्यक्ष रणांगणात उतरली आणि त्या रणाचा निकाल आपल्या खानदेशच्या कपाळी लिहिला गेला, हे आपल्या मुलामुलींना क्वचितच कोणी सांगितलेले असते. त्या भीमाबाईंविषयी चार शब्द येथे लिहीत आहे.

भीमाबाई या महाराज यशवंतराव होळकरांच्या कन्या. यशवंतरावांचे आयुष्य छावणीत गेले. १८०२ साली हडपसरच्या मैदानावर त्यांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा मोड केला. १८०४ साली कर्नल मॉन्सनच्या पलटणींची त्यांनी दाणादाण उडविली. अशा पित्याच्या सहवासात ही मुलगी घोड्यावर बसण्यास व भाला चालविण्यास शिकली. पुढे अकाली वैधव्य आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी माजघराचा कोपरा धरावयाचा. त्यांनी घोड्याचा लगाम धरला.

घराण्याचा अभिमान बाळगताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. यशवंतरावांच्या फौजांनी खानदेशही तुडविला होता, व पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. आमच्या नशिराबादेस १८०१ साली जुबा नावाच्या गारद्याने लुटले आणि दुष्काळाच्या तोंडावर पेशव्यांच्याच एका अंमलदाराने गाव उद्ध्वस्त केले. रयतेला लुटणाऱ्याचे निशाण कोणते, याने फारसा फरक पडत नसे.

१८११ साली भानपुरा येथे यशवंतराव निवर्तले. गादीवर बालक मल्हारराव, कारभार तुळसाबाईंच्या हाती, दरबारात फूट. इंग्रजी फौज क्षिप्रेच्या काठी येऊन ठेपली असता आपल्याच सरदारांनी तुळसाबाईंचा शिरच्छेद केला, आणि दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूरची लढाई जुंपली. समोर सर थॉमस हिस्लॉप व सर जॉन माल्कम. इकडे अकरा वर्षांचे महाराज आणि त्यांची ऐन विशीतील बहीण भीमाबाई. त्यांच्या हाताखाली किती स्वार होते, याचे मोठमोठे आकडे मी वर्गात कधी सांगितले नाहीत. ती तरुण विधवा भाला घेऊन घोड्यावरून रणात उतरली, एवढे मुलांना पुरत असे.

होळकरांचे गोलंदाज तोफांपाशी कापले जाईपर्यंत हटले नाहीत. इंग्रजांकडील सुमारे पावणेआठशे माणसे ठार व जखमी झाली. तरी दिवस हातचा गेला. गफूरखान ऐन वेळी फिरला, असा आरोप आजतागायत होतो. पुढे तहात त्याला जावऱ्याची जहागीर मिळाली, हे मात्र कागदोपत्री आहे.

६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेकडील सर्व होळकरी मुलूख इंग्रजांना द्यावा लागला, व त्यातच खानदेशातील ठाणी गेली. क्षिप्रेकाठी हरलेल्या लढाईची किंमत तापीकाठी चुकती झाली, ती अशी. फेब्रुवारीअखेर हिस्लॉप थाळनेरास आला. तह झाला असूनही किल्ल्यावरून तोफा सुटल्या. दरवाजात चकमक होऊन इंग्रज अधिकारी पडले. मग आतील अरब शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराममामा यांना फाशी देण्यात आले. या फाशीबद्दल खुद्द विलायतेच्या पार्लमेंटात हिस्लॉपवर टीका झाली.

भावाच्या दरबाराने तहावर सही केली, तरी भीमाबाईंनी लगोलग शस्त्र खाली ठेवले नाही. काही काळ त्या आपल्या माणसांनिशी बाहेरच राहिल्या, व अखेरीस इंग्रजांच्या स्वाधीन झाल्या. माल्कम पुढे माळव्याचा कारभार पाहू लागला. थाळनेरचा पडका तट आजही तापीच्या पाण्यावर उभा आहे.