वंगण देणे आणि ऑइल बदलणे : आमगावच्या वाटेवरील एका व्यवहाराचा इतिहास

टर्बोचार्जर असलेल्या मोटारीचे ऑइल किती काळाने बदलावे, हा प्रश्न वरकरणी गॅरेजमधला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काही असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तथापि ज्या क्रियापदाने हा प्रश्न विचारला जातो, ते या संदर्भात मराठीत फार जुने नाही. वंगण ही वस्तू मराठीत देण्याची अथवा घालण्याची होती. ती बदलण्याची झाली मोटारीबरोबर. या पालटामागे यंत्रविद्येचा जो इतिहास आहे तो गोंदिया जिल्ह्यातील आमगावसारख्या गावी विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. कारण बैलांची बंडी, वाफेचे इंजिन, डिझेल इंजिन आणि टर्बो मोटार ही चारही वाहने या एकाच गावाच्या वाटेवरून क्रमाने गेली आहेत, आणि पहिले अद्याप पुरते गेलेले नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. वंगण आणि त्याच्या जोडीचे ओंगण ही दोन्ही रूपे गाडीच्या आसाला द्यावयाच्या तेलासाठी वापरली जातात. हिंदीत याच अर्थी औंगन आहे. ही सर्व रूपे माखणे, चोपडणे या अर्थाच्या संस्कृत 'अञ्ज्' धातूच्या कुळातील मानणे युक्त होय. मूळ धातूत 'ज' असता मराठीत 'ग' कोठून आला, अशी शंका येथे निघेल. परंतु संस्कृतातच अभ्यंजन आणि अभ्यंग अशी दोन्ही रूपे नांदतात. दिवाळीच्या पहाटे माणसाच्या अंगाला होणारा अभ्यंग आणि बंडीच्या आसाला मिळणारे वंगण हे दोन्ही शब्द अशा रीतीने एकाच घरचे ठरतात. पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, त्यामुळे ओंगणाचे 'ओंगन' होते आणि शेजारच्या हिंदी रूपाशी जवळजवळ एकरूप होऊन जाते. आमगावच्या बाजारात मराठी, पोवारी, हिंदी आणि छत्तीसगढी एकमेकींत मिसळत असल्याने हा शब्द नेमका कोणत्या भाषेचा, हे बोलणाऱ्यालाही सांगता येणे कठीण. त्याला ते सांगण्याची गरजही पडत नाही.

वंगण किती द्यावे याची चर्चाही प्राचीन आहे. पाली संयुत्तनिकायात भिक्षूच्या आहाराला आसाच्या वंगणाची उपमा दिलेली आढळते : भार पैलतीरी न्यावयास जेवढे पुरे, तेवढेच तेल माणूस आसाला लावतो, भिक्षूनेही तेवढेच खावे. जैन आगमांतील 'अक्खोवंजण', म्हणजे अक्षोपांजन, हा शब्दही याच अर्थाने येतो. गाडीला वंगण घालण्याचा व्यवहार किती परिचित असेल, याचा हा उत्तम पुरावा आहे. उपमा ही नेहमी श्रोत्याच्या माहितीतूनच घ्यावी लागते.

बंडीचा हिशेब साधा होता. लाकडी तुंब्यात फिरणाऱ्या आसाला एरंडीचे, करंजीचे किंवा जे हाताशी असेल ते तेल दिले जाई. ते काही प्रवासात गळे, काही धुळीशी मिसळून बाहेर येई. उरलेले काढून टाकण्याचा प्रश्नच नव्हता. वरून नवे घातले की काम भागे. केव्हा घालावे, हे चाक स्वतःच सांगे. चाक कुरकुरू लागले, बैल मान टाकू लागले, की गाडीवान उतरे. मोजमाप कानाचे होते आणि चूक झाली तर तिची शिक्षा हळूहळू मिळे.

आमगाव रेल्वेच्या वाटेवर आले ते एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी नागपूर-छत्तीसगढ रेल्वे ही मीटर गेजची लाइन होती. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली आणि पुढे तीच कलकत्त्याच्या मार्गाचा भाग झाली. रेल्वेच्या डब्यांच्या आसाला तेलात भिजवलेल्या सुती चिंध्या भरलेली पेटी असे. हिंदुस्थानातील रेल्वेवर त्या काळी एरंडीच्या तेलाचा वंगण म्हणून मोठा वापर होई. म्हणजे वाहन बदलले तरी तेल काही काळ बंडीचेच राहिले. पेटी कोरडी पडली तर आस तापून लाल होई आणि वेळीच ध्यानी न आल्यास मोडे. म्हणून गाडी थांबताच हाताने पेटी चाचपणे, वास घेणे आणि तेल घालणे हे खलाशाचे नित्याचे काम झाले. कानाच्या जोडीला येथे हात आणि नाक आले, आणि वेळ ठरू लागली ती स्थानकांच्या अंतराने.

याच रेल्वेच्या आसापायी वंगणाचे खरे शास्त्र जन्मास आले, हे येथे सांगणे अवश्य आहे. इंग्लंडात 1883 मध्ये बोशाँ टॉवर यांनी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी पाडलेल्या छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी उलट बाहेर येऊ लागले. छिद्रात बसवलेले बूचही उडून गेले. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेतो, त्याचा दाबयुक्त पापुद्रा तयार करतो आणि त्या पापुद्र्यावर तरंगतो, असा याचा अर्थ होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये त्याचे गणित मांडले. तेल म्हणजे दोन धातूंमधील केवळ चोपड, ही हजारो वर्षांची कल्पना येथे मागे पडली. जोवर पापुद्रा आहे तोवर धातू धातूला लागतच नाही. पापुद्रा तुटला की क्षणात नाश. टर्बोचार्जरचे सगळे आयुष्य याच एका सिद्धांतावर चालते.

मोटारीने आणखी एक गोष्ट केली. तिने तेल गळून जाऊ दिले नाही. चेंबरमध्ये साठवलेले तेच तेल पंपाने वर चढवायचे, ते पुन्हा खाली उतरायचे आणि पुन्हा वर जायचे. तेल वाया जात नाही, पण जुने होते : जळणाची काजळी, कच्चे पेट्रोल, पाण्याची वाफ, धूळ आणि धातूचा चुरा त्यात जमत जातो. घातलेले तेल काढून टाकण्याची गरज वाहनाच्या इतिहासात प्रथमच अशी रोजच्या व्यवहारात आली, आणि 'बदलणे' हे क्रियापद तिच्या पाठोपाठ आले. वस्तूचे नावही बदलले. स्वयंपाकघरातले ते तेल, आणि इंजिनातले ते ऑइल. आमगावात काय आणि पुण्यात काय, मिस्त्री हा भेद काटेकोर पाळतो. 'तेल संपले' याचा अर्थ त्याच्या लेखी पेट्रोल किंवा डिझेल संपले असाच होतो. भाषाशुद्धीच्या आग्रहाने येथे ऑइलचे तेल केल्यास लाभापेक्षा घोटाळाच अधिक होईल.

टर्बोचार्जरची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचे पेटंट 1905 चे आहे. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात अधिक हवा कोंबायची, आणि लहान इंजिनाकडून मोठ्याचे काम घ्यायचे, ही ती कल्पना. ती आधी जहाजांत आणि मोठ्या डिझेल इंजिनांत रुजली. विक्रीच्या मोटारीत ती आली 1962 मध्ये, अमेरिकेतील ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून. योगायोग असा की त्याच वर्षी भारतीय रेल्वेवर डब्ल्यूडीएम-2 जातीची डिझेल इंजिने येऊ लागली. 2600 अश्वशक्तीच्या या इंजिनांना टर्बोचार्जर होता. विद्युतीकरण होईपर्यंत नागपूर-हावडा मार्गावर अशीच इंजिने गाड्या ओढीत असत. म्हणजे सालेकसा-दरेकशाच्या डोंगराकडे जाताना कानी येणारी ती चढत्या स्वराची शीळ आमगावकरांनी आपल्या दारी टर्बो मोटार येण्याच्या कितीतरी आधी ऐकली होती, त्या वस्तूचे नाव मात्र कोणी सांगितले नसेल.

डिझेल शेडमध्ये ऑइल बदलण्याचा निर्णय केवळ तारखेवर सोपवला जात नाही. तेलाचा नमुना काढून प्रयोगशाळेत त्यातील लोखंड, तांबे, शिसे यांचे प्रमाण पाहिले जाते. त्यावरून कोणता भाग झिजतो आहे हेही कळते. तेलालाच त्याची प्रकृती विचारण्याची ही रीत सर्वांत विश्वसनीय होय. खाजगी मोटारीच्या मालकाला ती परवडत नाही. त्याच्या हाती उरतात किलोमीटर आणि कॅलेंडर.

मोटारीतील टर्बो ही लहानशी वस्तू आहे, पण तिचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो तेलाच्या पापुद्र्यावर अधांतरी असतो. त्याच्या एका टोकाला पेट्रोल इंजिनात सुमारे 900 अंश सेल्सिअसचा धूर लागतो. महामार्गावर वेगाने येऊन गाडी एकदम बंद केली तर तेलाचा प्रवाह थांबतो, उष्णता मात्र तेथेच राहते, आणि अडकलेले तेल भाजून त्याचा कोळसा बनतो. हा कोळसा तेलाच्या बारीक वाटा बुजवतो. पाण्याने थंड होणारी बेअरिंगे आल्यापासून हा धोका पुष्कळ कमी झाला. तरी देवरीजवळ 53 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावरून वेगाने आलेल्या गाडीने ढाब्यावर थांबताना मिनिटभर इंजिन सुरू ठेवणे शहाणपणाचेच आहे. येथे कान उपयोगी पडत नाही. बंडीचे चाक आधी कुरकुरते. टर्बोचा आवाज ऐकू येतो तेव्हा बहुधा खर्च ठरून गेलेला असतो.

भारतात टर्बो ही प्रथम डिझेल गाड्यांची गोष्ट होती : 1998 ची टाटा सफारी, नाशिकला तयार होणारी 2002 ची महिंद्र स्कॉर्पिओ, 2007 ची डिझेल स्विफ्ट. 2014 च्या टाटा झेस्टमध्ये आणि 2017 च्या नेक्सॉनमध्ये टर्बो पेट्रोल इंजिन आले, आणि एप्रिल 2020 मध्ये भारत स्टेज 6 चे नियम लागू झाल्यावर लहान डिझेल गाड्या मागे पडून टर्बो पेट्रोल पुढे आले. यासाठी तेलाची प्रतही बदलावी लागली. कमी वेगात जोर दिला असता या इंजिनांत इंधन अवेळी पेटते. तेलातील कॅल्शियमयुक्त द्रव्ये त्याला हातभार लावतात असे दिसून आले. म्हणून 2020 मध्ये एपीआयची 'एसपी' ही प्रत निघाली. जुन्या प्रतीचे तेल वेळेवर बदलणे हा या गाडीला पुरेसा उपाय नाही.

आता काळाचा प्रश्न. पूर्वी 5,000 किलोमीटर हा आकडा गॅरेजवाल्यांच्या तोंडी होता. आज बहुतेक कंपन्या टर्बो पेट्रोल गाडीस 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मर्यादा देतात. काही 15,000 पर्यंत जातात. पुस्तिकेत त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक यादी असते : धुळीचे रस्ते, थोड्या अंतराच्या फेऱ्या, कडक उन्हाळा, फार वेळ जागीच चालू राहणारे इंजिन. अशा स्थितीत मर्यादा निम्म्यावर आणावी, असे अनेक कंपन्या सांगतात. ही यादी वाचताना आमगावचेच वर्णन वाचल्याचा भास होतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, धानाच्या बांध्यांमधील वाटा धुळीने भरतात, आणि गाडीची फेरी घरापासून बाजारापर्यंत किंवा फार तर 25 किलोमीटरवरील गोंदियापर्यंत. थोड्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही, तेलात उतरलेले पेट्रोल व पाणी उडून जात नाही. गाडी वर्षात जेमतेम 4,000 किलोमीटर चालली म्हणून ऑइल दोन वर्षे ठेवणारा मालक काटकसर करीत नसतो. अशा गाडीस 5,000 किलोमीटर अथवा सहा महिने हे मान योग्य. उलट रोज गोंदिया ओलांडून नागपूरला जाणाऱ्या गाडीस पुस्तिकेतील पूर्ण अंतर खुशाल द्यावे. सर्वांना एकच आकडा सांगणारा मिस्त्री यांपैकी एकाचे नुकसान करतोच.

बोटांत तेल चोळून त्याचा रंग पाहण्याची जुनी परीक्षा मात्र आता सोडली पाहिजे. 1930 नंतरच्या दशकात काजळी धरून ठेवणारी द्रव्ये तेलात मिसळू लागली. तेव्हापासून काळे होणे हे तेल काम करीत असल्याचे लक्षण आहे. डिझेल गाडीत तर नवे ऑइल थोड्याच अंतरात काळे पडते. रंगावरून फसून कोणी ते लवकर बदलतो. कोणी ते स्वच्छ दिसते म्हणून ठेवतो आणि त्यात मिसळलेले पेट्रोल त्याला दिसत नाही.

काढलेल्या ऑइलचे पुढे काय होते, हाही या इतिहासाचाच भाग आहे. 'काळे ऑइल' या नावाने ते डब्यात भरून घरी जाते. वाळवी लागू नये म्हणून चौकटीला आणि कुंपणाच्या खांबांना लागते, आणि ज्याच्या घरी बंडी आहे त्याच्या आसालाही मिळते. 2016 च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात मोडते, आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून उत्पादकांवर आली आहे. चौकटीवरचे ऑइल पावसाबरोबर अंगणात आणि तेथून विहिरीकडे जाते. बंडीच्या आसाला टर्बो मोटारीचे उतरलेले ऑइल देणारा शेतकरी आजही त्याला ओंगणच म्हणतो, आणि क्रियापदही जुनेच वापरतो.