इंजिनाचा उच्छ्वास

मोटारीचा धूर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तिच्या मागची नळी उभी राहते. परंतु जुन्या मोटारींना धूर सोडण्याची आणखी एक वाट होती. ती इंजिनाच्या पोटाखालीं असे व तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नसे. त्या वाटेची हकीकत आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें पेटतें आणि दट्ट्यास खालीं ढकलतें. दट्ट्याभोंवतीं कड्या असतात. त्या कितीहि घट्ट बसविल्या तरी थोडा वायु त्यांच्या फटींतून निसटतो आणि खालच्या पेटींत उतरतो. या पेटीस क्रँककेस म्हणतात. तींत क्रँक फिरत असतो व तळाशीं वंगणाचें तेल असतें. निसटलेल्या वायूंत न जळलेलें पेट्रोल, काजळी व पाण्याची वाफ असते. त्यास वाट न मिळाली तर पेटींतील दाब वाढून तेल सांध्यांतून झिरपूं लागतें; वाफेचें पाणी होऊन तेलाचा काळा चिखल बनतो, आणि इंजिन अकालीं झिजतें.

यावर कारखानदारांनीं सोपी युक्ति योजिली. पेटीपासून एक नळी रस्त्याच्या दिशेनें खालीं सोडली व तिचें तोंड तिरपें कापलें. गाडी धांवूं लागली म्हणजे तळाखालून वाहणारा वारा आंतला वायु ओढून घेई, आणि तेल ओतण्याच्या तोंडावरील जाळीच्या झांकणांतून ताजी हवा आंत येई. खर्च थोडा, आणि हलणारा भाग एकहि नाहीं! मात्र गाडी थांबली कीं वारा थांबे व ओढहि थांबे. शहरांतून हळू चालणाऱ्या गाडीचें तेल म्हणून लवकर बिघडे. शिवाय नळीचें तोंड पाण्यांत बुडालें, तर पाणी आंत शिरण्याची धास्ती असे.

दुसऱ्या महायुद्धांत लष्करी गाड्यांना ओढे व नद्या ओलांडाव्या लागत. तेथें ही उघडी नळी निरुपयोगी होती. अमेरिकन सैन्याच्या विलीज जीपमध्यें पेटींतील वायु परत इंजिनाच्याच शोषणमार्गांत नेऊन जाळण्याची सोय होती. मध्यें एक छोटी झडप असे. इंजिन मंद चालत असतां ओढ जोराची असते, तेव्हां झडप वाट अरुंद करी. ओझें वाढून ओढ कमी झाली, कीं स्प्रिंग ती वाट मोकळी करी.

युद्ध संपलें, आणि बहुतेक खासगी मोटारींना पुन्हां जुनी नळीच राहिली. इकडे लॉस एंजेलिस शहरावर १९४३ च्या उन्हाळ्यांत डोळे झोंबविणारें दाट धुकें उतरलें होतें. लोकांनीं प्रथम कारखान्यांस दोष दिला. पुढें १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत कॅलिफोर्नियांतील रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनीं दाखविलें, कीं न जळलेल्या इंधनाची वाफ व नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर ऊन पडून हें विष तयार होतें. मोटारींची तपासणी झाली, तेव्हां त्या न जळलेल्या वाफेचा सुमारें पांचवा हिस्सा पोटाखालच्या नळींतून येत असल्याचें आढळलें. मग युद्धकाळांतील झडपेची आठवण झाली. १९६१ च्या नमुन्यांपासून कॅलिफोर्नियांत व १९६३ पासून सर्व अमेरिकेंत नव्या मोटारींना ती बसूं लागली.

या हकीकतींत विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. जुन्या नळीनें इंजिनाचें आरोग्य राखलें, पण त्याची घाण रस्त्यावरच्या माणसाच्या श्वासांत टाकली. उपाय ठाऊक होता, आणि तो वर्षानुवर्षें वापरलाहि गेला होता. केवळ गाडी पाण्यांत बंद पडूं नये म्हणून जो खर्च तत्काळ मान्य झाला, तो माणसाच्या फुप्फुसांसाठीं मान्य होण्यास दीड तपाहून अधिक काळ लागला. घरांतला केर अंगणाबाहेर लोटला, म्हणजे तो नाहींसा झाला असें गृहिणीहि मानीत नाहीं. यंत्रें बनविणाऱ्यांनीं तरी तें कां मानावें?