'ब' काविळीची घराणी

बरूच ब्लुमबर्ग शोधत होते ते माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांमधले फरक. १९६५ साली त्यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तातील अनोळखी प्रतिजनाचे वर्णन केले. पुढे ते 'ब' काविळीच्या विषाणूचे कवच निघाले!

आधी कवचातील फरकांवरूनच विषाणूचे प्रकार पाडत. १९८८ साली जपानमध्ये ओकामोटो व सहकाऱ्यांनी त्याच्या डीएनएचीच तुलना केली. हा मजकूर जेमतेम ३२०० अक्षरांचा. त्यात ८ टक्क्यांहून अधिक फरक दिसला, तर घराणे वेगळे. (८ची रेघ अर्थात आपण आखलेली.)

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी २००३ साली पश्चिम भारतातील घराणी प्रसिद्ध केली. बहुतेक 'डी', काही 'ए'. पण घराण्यावरून आजार सौम्य की तीव्र, हे मात्र ठरेना.

लसीलाही घराण्याचे सोयरसुतक नाही. सर्व घराण्यांच्या कवचात एक भाग जवळपास सारखा असतो, त्यालाच ती ओळखते. प्रश्न वेळेचा आहे. जन्मतःच लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांत विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. म्हणून पहिला डोस २४ तासांत हवा. बीडमधून ऊसतोडीला गेलेल्या आईचे बाळ फडावरच्या कोपीत जन्मले असेल, तर तो डोस मिळाला की नाही, हे त्याच्या लसीकरण कार्डावर पाहावे लागते.