सुरतेचा पहारा

सुरत शहराच्या दक्षिणेस पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. कापडाची रंगाई व छपाई हा तेथील मुख्य धंदा होय. पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे या भागात स्थायिक झाली आहेत. कारखान्यांच्या फाटकांवर आता पहारेकऱ्याच्या जोडीला कॅमेऱ्याचा डोळाही आला आहे. या डोळ्यावर विसंबून राहणाऱ्यांनी सुरतेचाच एक जुना प्रसंग ध्यानी घ्यावा.

इ. स. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज याच दक्षिण दिशेने, गणदेवीवरून, सुरतेवर चालून आले. शहरातील अपार संपत्तीची बातमी बहिर्जीने आधीच आणली होती, असे सभासदाची बखर सांगते. मोगलांचा अंमलदार इनायतखान ५०० शिपायांचा पगार सरकारी खजिन्यातून उचलीत असे. शिपाई मात्र त्याने ठेवलेच नव्हते. पहारा होता तो कागदावर! संकट येताच खान किल्ल्यात जाऊन बसला आणि वीरजी व्होरासारख्या धनाढ्य व्यापाऱ्याचा वाडा उघडा पडला. इंग्रज व डच यांनी मात्र स्वतः शस्त्रे घेऊन आपापल्या वखारी राखल्या.

पुढे औरंगजेबाने अंमलदार बदलला व शहराभोवती पक्का तट बांधविला. तथापि ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले, तेव्हा तटावर पुरेशी फौज नव्हती. नुसत्या भिंतीने शहराचे रक्षण झाले नाही.

कॅमेरा हाही एक तटच आहे. कापडाचे तागे कोणी पळविले, हे तो दाखवील. पण टिपलेली चित्रे कोणी पाहतच नसेल, तर त्याचा उपयोग काय? शिवाय त्याची नजर केवळ कामगाराच्या हातांवर रोखलेली असेल, तर खरा धोका नजरेआडच राहतो. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडण्यात आले. त्यातून उठलेल्या विषारी वायूने निदान ६ जणांचे प्राण घेतले. त्यांत जवळच्या गिरणीतील कामगार होते.

सुरतेचा पहारा बुडाला तो शिपायांच्या कुचराईने नव्हे, तर शिपाई न ठेवणाऱ्या अंमलदाराच्या लोभाने. म्हणून ज्या कारखान्यात कामगाराची झडती होते, तेथे नाल्याची, यंत्रांची आणि मालकाच्या हिशेबाचीही तपासणी व्हावयास हवी.